आधी ढेकर, मग बासुंदी

गोदाकाठच्या एका महाविद्यालयात मुलांचा कबड्डी संघ नव्याकोऱ्या मॅटवर सराव करी आणि मुलींचा संघ शेजारच्या मुरमावर गुडघे फोडून घेई. आंतरमहाविद्यालयीन सामने मात्र मॅटवरच व्हायचे होते. म्हणून मुलींची कर्णधार रेवती भालसिंग संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब ताकटे यांच्याकडे मॅट मागण्यास गेली.

"मुलांनी चषक आणला आहे, पोरी. तुम्हीही आधी जिंकून दाखवा, मग मॅट देऊ," अण्णासाहेब म्हणाले आणि स्वतःच्याच न्यायबुद्धीवर प्रसन्न झाले.

"पण सरावावाचून जिंकायचे कसे?"

"जिद्द हवी, जिद्द!"

पुढच्याच आठवड्यात संस्थेच्या वर्धापनदिनाची पंगत बसली. रिवाजाप्रमाणे वाढण्याचे काम मुलींकडेच होते. रेवतीने बासुंदीने साऱ्यांच्या वाट्या भरल्या आणि अण्णासाहेबांची तेवढी रिकामी ठेवून ती पुढे सरकली.

"अगं, मी राहिलो ना!"

"आपण आधी तृप्तीचा ढेकर देऊन दाखवा, अण्णासाहेब, मग वाढते," रेवती अदबीने म्हणाली.

"खाल्ल्यावाचून ढेकर येईल कसा?"

"जिद्द हवी, अण्णासाहेब!"

पंगतीत असा हशा उसळला की प्राचार्यांना ठसका लागला. अण्णासाहेबांनी एकवार बासुंदीकडे आणि एकवार रेवतीच्या सोललेल्या कोपराकडे पाहिले.

"वाढ, बाई. मॅट उद्याच मागवतो."

वाटी काठोकाठ भरली. ती पुनःपुन्हा रिकामी करून अण्णासाहेबांनी दणदणीत ढेकर दिला आणि विचारले, "आता चषक कधी?"

"ढेकर जेवणानंतरच आला ना, अण्णासाहेब? आधी मॅट तर येऊ द्या!"