सुभानाचा मोकळा टाका

माळवळीच्या नदीवर पूल नव्हता, पुलाची कुणाला कल्पनाही नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे. किती वर्षं झाली ते विचारू नका. माझ्या आजीला तिच्या आजीने सांगितली, आणि त्या आजीनेही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच होती.

तेव्हा या काठावरून त्या काठावर जायचं तर सुभाना नावाड्याच्या होडीशिवाय उपाय नव्हता. सुभाना उंचापुरा, काळाकभिन्न माणूस. त्याच्या मिशा एवढ्या मोठ्या, की लहान पोरं आधी मिशांना घाबरायची आणि मग त्याच्या मांडीवर बसायची. एका हाताने तो भरली होडी वाळूवर ओढून घ्यायचा, असं म्हणतात. आणि एवढा हा गडी, होडीत माणसं जमेपर्यंत काय करायचा? तर क्रोशा विणायचा.

हे तो शिकला कुठे, त्याचीही हकिकत आहे. एकदा परगावची एक मास्तरीणबाई पलीकडे जायला आली आणि नदीला पाणी आल्यामुळे तीन दिवस त्याच्या खोपटात अडकून पडली. तिन्ही दिवस ती ओसरीत बसून क्रोशाची सुई चालवत होती आणि सुभाना समोर बसून डोळ्यांची पापणी न लववता बघत होता. चौथ्या दिवशी पाणी उतरलं, बाई गेली. पाटलांची छत्री तेवढ्यात वाऱ्याने उलटी होऊन मोडली होती. सुभानाने तिची एक काडी मागून आणली, टोक तापवून वाकवलं, दगडावर घासलं, आणि झाली सुई तयार.

गाव आधी पोट धरून हसलं. "सुभाना, आता लुगडं कधी नेसतोस?" असं लोक विचारायचे. तो म्हणायचा, "हे एवढं फूल हुंदे, मग नेसतु." आणि पुन्हा पुटपुटायला लागायचा, साखळी, साखळी, खांब, साखळी, साखळी, खांब. त्याचं ते मोजणं ऐकायला नदीही काठाशी येऊन हळू व्हायची आणि मासे होडीभोवती गोळा व्हायचे, असं म्हणतात. माशांचं मला ठाऊक नाही. पण माणसं नक्की गोळा व्हायची, कारण बोटभर दोऱ्यातून चाफ्याचं फूल उमलताना बघण्यात जी मजा आहे ती काही औरच.

मग कुणाचं लग्न ठरलं की नवरीला तांब्यावर घालायला जाळीचा रुमाल मिळायचा. बारशाला जाणाऱ्या बाईच्या हातात पाळण्यावर टांगायची चिमणी पडायची. बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्याच्या पानाच्या चंचीला उगीच एक गोंडा लागायचा. सुभाना कुणाकडून काही घ्यायचा नाही. कुणी पांढरा दोरा आणून दिला तर मात्र त्याच्या मिशा दोन बोटं रुंद व्हायच्या. आमच्या गावात तेव्हा असं एक घर नव्हतं, ज्यात त्याच्या हातचं काही टांगलेलं नव्हतं.

त्याच्या कामात एक खोड मात्र होती. शेवटचा टाका तो कधी गाठ मारून बंद करायचा नाही. टाका मोकळाच ठेवायचा आणि तो सुटू नये म्हणून त्यात बाभळीचा एक काटा अडकवून द्यायचा. काट्याचं टोक मोडून बोथट केलेलं असायचं. बायका चिडवायच्या, "एवढं केलंस, मग गाठीचाच का कंटाळा?"

"गाठ मारली म्हंजी संपलं की," सुभाना म्हणायचा. "लागलं तर उसवा. काटा काढायचा अन् वढायचं. मी दुसरं करून दीन."

पण एवढं सुंदर उसवतं कोण? लोक ऐकायचे आणि हसून सोडून द्यायचे.

गावात तानू नावाची एक बाई होती. तिला खूप वर्षांनी मुलगा झाला, तेव्हा सुभानाने पाळण्यासाठी हिरव्या दोऱ्याचा पोपट करून दिला होता. गावात हिरव्या दोऱ्याची तेवढी एकच वस्तू. पोरगं त्या पोपटाकडे बघून हुंकार द्यायचं. आठ महिन्यांचं झालं आणि तापाने गेलं. पाळणा तानूने देऊन टाकला. पोपट मात्र दिला नाही. कमरेच्या पिशवीत घालून ती तो शेतात न्यायची, पाण्याला न्यायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. त्या लेकराचं तिच्याजवळ दुसरं काहीच उरलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. केराप्पा धनगराची सून गिरजा बाळंतपणाला माहेरी निघाली. दिवस भरत आले होते. पलीकडच्या काठावर तिचा भाऊ गाडी जुंपून उभा होता. नदी अगदी शांत होती, म्हणून सुभानाने तिला एकटीलाच होडीत घेतलं. अर्ध्यावर गेले आणि वरच्या अंगाला कुठेतरी कोसळलेल्या पावसाचं पाणी एकदम आलं. सुभानाच्या हातातला होडी रेटायचा वासा मोडला. होडी गरगरली आणि मधल्या हत्तीखडकाला अडकून बसली. खडकाचं तेवढं टोक वर आणि पाणी वितीवितीने चढतंय. तशात गिरजेच्या पोटात कळ उठली.

सगळा गाव काठावर जमला. दुसरी होडी नव्हती. त्या ओढीत पोहणारा वाचला नसता. मोटेचे नाडे होते, गुरांची दावी होती, पण ती जड. ती एवढ्या लांब फेकणार कशी? केराप्पाजवळ गोफण होती. गोफणीतला त्याचा दगड हत्तीखडकापर्यंत सहज जाई, पण त्याला बांधायला हलका आणि तेवढा लांब दोरा हवा. तेवढा दोरा आणायचा कुठून? केराप्पा गोफण हातात धरून नुसता उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेव्हा सुभाना होडीत उभा राहिला. त्याने दोन्ही हात वर केले आणि बोटांनी दोरा ओढून दाखवला, पुन्हा पुन्हा. पाण्याच्या आवाजातून त्याची हाक आली, "लागलं तर उसवा!"

मग गाव पळत सुटला. लोकांनी खुंट्यांवरच्या चिमण्या काढल्या, दारांवरची तोरणं उतरवली, तांब्यांवरचे रुमाल ओढले. पाटलीणबाईंनी तर पेटीतून सव्वीस नग काढले. त्यांनी ते कधी वापरलेही नव्हते. काठावर येऊन जो तो काटा उपटायचा आणि ओढायचा. गाठ नव्हतीच, त्यामुळे फुलं सरसर सुटत गेली. बायका रडत होत्या आणि उसवत होत्या. टोकाला टोक बांधून दोरा तिहेरी करत नेला, केराप्पाने दगडाला बांधला आणि गोफण फिरवली.

दोरा दहा-बारा हात कमी पडला.

आता कुणाच्या घरात काही उरलं नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते, तानूकडे मात्र कुणी बघत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि मागायची छाती कुणाचीच नव्हती. तानू स्वतःच पुढे आली. तिने पिशवीतून पोपट काढला, काटा उपटून दातात धरला आणि खाली बसून उसवायला लागली. केराप्पा मदतीला वाकला, तर म्हणाली, "न्हाई, दाजी. मीच करती."

आधी चोच गेली, मग मान, मग पंख. मूठभर हिरवा दोरा राहिला. तिहेरी करून तो दहा-बारा हात पुरेल असं कुणालाच वाटत नव्हतं. पण तो पुरला. बांधताना दोरा वाढत गेला, असं म्हणतात, आणि मीही तसंच म्हणते.

केराप्पाचा दगड या वेळी होडीत पडला. काठावरच्यांनी दोऱ्याला बांधलेलं दावं सुभानाने आधी ओढून घेतलं आणि मग दाव्याला बांधलेला मोटेचा नाडा. नाडा होडीला पक्का बसला आणि साऱ्या गावाने मिळून होडी काठाला आणली. सुभानाच्या खोपटातच गिरजेला मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी सुभानाने तो सगळा भिजका दोरा बाभळींवर वाळत घातला. काठ इतका पांढरा झाला, की बगळे आपलीच जात समजून येऊन बसले, असं म्हणतात. आता हा दुःखी असेल, निदान रागावला तरी असेल, म्हणून बायका दबकत आल्या. तर हा आपला खुशीत.

"सगळं पुन्यांदा करायचं हाय," तो म्हणाला. "वरीसभराची चंगळ झाली माझी."

खरंच, वर्षभर तो विणत बसला. पण सगळ्यात आधी त्याने हिरवा दोरा शोधून काढला आणि पोपट केला. जुन्या दोऱ्याला आता दोन गाठी होत्या, त्या त्याने पंखाखाली घेतल्या. तानूने दातात धरलेला तोच काटा मागून शेवटच्या टाक्यात अडकवला आणि पोपट तिच्या हातात दिला.

तानूने तो बराच वेळ हातात धरला. मग ती उठून गिरजेकडे गेली आणि त्या मुलीच्या पाळण्यावर तिने तो आपल्या हाताने टांगला. मुलीने वर बघून हुंकार दिला. तानू गिरजेला एवढंच म्हणाली, "लागलं तर उसव गं."

सुभाना खूप जगला. एका दुपारी तो होडीतच बसल्या जागी गेला. मांडीवर एक अर्धं फूल होतं आणि त्यात काटा आधीच अडकवलेला होता, असं म्हणतात.

आता नदीवर पूल आहे. पण दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या गावातले लोक, बायकाच नव्हे, मिशीवाले बाप्येसुद्धा, घाटावर सुया घेऊन बसतात. कुणाचं फूल होतं, कुणाची चिमणी, कुणाचं काय झालं ते त्यालाच कळत नाही, आणि त्यावर हसण्यात दुपार निघून जाते. केलेली वस्तू आपल्या घरी न्यायची नसते, दुसऱ्याला द्यायची असते. शेवटचा टाका मोकळा ठेवून त्यात बाभळीचा बोथट काटा अडकवायचा. आणि देताना आमच्याकडे आयुष्मान हो म्हणत नाहीत, सुखी राहा म्हणत नाहीत. समोरच्याच्या हातावर वस्तू ठेवायची आणि म्हणायचं, लागलं तर उसव.