राजाला परवात जायचं होतं

“आम्हाला परवाच्या दुपारी नेऊन सोड!” रत्नाजीराजांनी म्हाताऱ्या म्हादबाला फर्मावलं. “उद्या सकाळपर्यंत जमलं नाही, तर तुझा कडेलोट!”

म्हादबाचं गडावरचं काम एवढंच. पाण्यानं भरलेल्या घंगाळात तो तळाला भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवी. वाटी भरून बुडाली की घटका झाली. म्हादबा थाळीवर टोला हाणी. टोला ऐकून राजे उठत, टोला ऐकून न्हात, टोला ऐकून जेवत. त्यामुळे त्यांची प्रामाणिक समजूत होती की वेळ म्हादबाच पुढे ढकलतो. जो पुढे ढकलतो, त्याला मागे ओढायला काय झालं?

निमित्त आमटीचं. परवा भर पंक्तीत, मेहुण्यांच्या देखत, राजे म्हणाले होते, “आमटी आळणी आहे.” आमटी राणीसाहेबांनी स्वतः केली होती. हात धुवायच्या आत त्यांचा मेणा माहेरी निघाला. रुसलेल्या बायकोला आणायला नवऱ्यानं स्वतः जायचं, ही त्या मुलखाची रीत. सासूसमोर मान खाली घालून बसण्यापेक्षा काळ उलटा फिरवणं राजांना सोपं वाटलं.

म्हादबा घरी आला तो रडतच. सून गोजरा भाकऱ्या थापत होती. तिनं सगळं ऐकलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “मामंजी, जेवून घ्या. उद्या तुमच्याबरोबर मी येते.”

सकाळी दरबारात राजे गरजले, “तू कोण?”

“म्हादबांची सून, महाराज. काम झालं, ते सांगायला आले.”

“कसलं काम?”

“महाराजांना परवात नेऊन आणलं. एकदा नाही, पुष्कळदा.”

“थापा मारतेस? मग आम्हाला कसं आठवत नाही?”

“आठवणार कसं? परवात गेलात म्हणजे परवाचेच झालात. राणीसाहेब अजून रुसल्याच नव्हत्या, तर रुसवा आठवेल कुठून? महाराज पंक्तीला बसले, आमटी चाखली आणि तेच बोलले. मेणा निघाला. महाराजांनी मामंजींना बोलावलं. मामंजींनी वाटी पुन्हा पाण्यात सोडली. घाण्याचा बैलसुद्धा संध्याकाळी सुटतो, महाराज!”

राजांचे डोळे चमकले. “या खेपेला आम्ही करंगळीला दोरा बांधून जाऊ! म्हणजे आठवेल!”

“बांधा की. समजा आठवलं आणि महाराज मुकाट्यानं जेवले. मग राणीसाहेब रुसणार नाहीत. त्या रुसल्या नाहीत, तर महाराज मामंजींना बोलावणार नाहीत. बोलावलं नाही, तर महाराजांना मागे पाठवणार कोण? आणि मागे कुणी गेलंच नाही, तर आमटीला आळणी म्हणताना महाराजांना अडवणार कोण? मेणा निघालाच!”

दिवाणजींनी हे बोटांवर मोजून पाहायला घेतलं. थोड्या वेळानं ते खाली बसले. त्यांना पाणी देण्यात आलं.

“म्हणजे तो मेणा थांबतच नाही?” राजांनी विचारलं.

“मागे जाऊन नाही थांबत. वेळ आम्ही फिरवू, पण जीभ महाराजांनीच आवरायची! सासरवाडीची वाट मात्र सरळ आहे. त्या वाटेनं महाराज अजून एकदाही गेलेले नाहीत.”

राजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि ते खदाखदा हसत सुटले. “म्हादबाचा कडेलोट रद्द! आमचा घोडा काढा! आणि पोरी, तुला काय हवं ते माग!”

“सोन्याच्या पाटल्या, महाराज.”

राजांनी तिचीच युक्ती तिच्यावर उलटवली. गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “पाटल्या आम्ही तुला कालच दिल्या होत्या. वेळ मागे फिरली ना, म्हणून तुला आठवत नाही!”

गोजरानं दोन्ही हात पुढे केले.

“मग आजही मिळणारच. दर खेपेला महाराज तेच करतात!”

राजे इतके हसले की घोड्यावर बसवायला दोघांना धरावं लागलं. नव्या पाटल्या घातलेल्या हातानं गोजरानं थाळीवर टोला हाणला आणि राजे सासरवाडीला निघाले. वाटभर घोकत होते, “आमटी झकास आहे... आमटी झकास आहे...”