कडू पानाची पूड

पूर्वी अश्मक देशातल्या पोतलीनगरात अरुण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व पूड विकणाऱ्या एका कुळात जन्मला. त्याचे नाव सुमंगल.

पूड कसली, तर एका कडू पानाची. पान खापरावर काळे होईपर्यंत भाजायचे, कुटायचे, वस्त्रगाळ करायचे. मग बाया सकाळी उठून ती बोटाने दातांना घाशीत बसायच्या. त्या पानाला आज काय म्हणतात ते सांगायला नको, घरोघरी डबी आहे. दात चमकतात म्हणे, भूक मरते म्हणे. तोंडात फोड आला, तर त्यावरही तीच पूड दाबायची!

धंद्याची रीत अशी, की गिऱ्हाइकाला देण्याआधी विकणाऱ्याने चिमूटभर स्वतःच्या दातांना लावून दाखवायची. सुमंगल जन्मभर दाखवत आला. पुढे त्याचा गाल आतून पांढरा पडला, चामड्यासारखा घट्ट झाला. जबडा उघडेना, भाकरीचा घास जाईना. तेव्हा त्याला त्या बाया आठवल्या, ज्या पूड घ्यायला यायच्या आणि एकेक करून यायच्या थांबल्या होत्या. तो त्यांच्या दारी गेला. कुठे बाईच उरली नव्हती. कुठे तिने तोंडावरचा पदर बाजूला केला, आणि त्याला आपलाच गाल दिसला.

त्याने घरातली सगळी पूड बाहेर काढली. नदीत ओतावी, तर माशांनी काय पाप केले होते? त्याने खड्डा खणून पुरली. मागे पोट भरायचे दुसरे साधन राहिले नाही.

अशात नगरशेठाच्या घरी नवी सून आली. पहिल्या सकाळी सासूने सुनेच्या बोटावर पूड ठेवायची, त्याशिवाय सून घरची होत नसे. सासू धनवतीने सुमंगलला बोलावणे धाडले. अंगण बायांनी भरले होते.

"आलास बाबा एकदाचा! काढ पुडी."

"माई, पूड नाही. आता विकत नाही मी."

"माझ्या सुनेच्या दिवशीच बरं वैराग्य आलं तुला!" बाया खो खो हसल्या. "राहू दे. माझी डबी आहे. तू आधी लावून दाखव म्हणजे झालं."

धनवतीने सुनेच्या बोटावर चिमूट ठेवलीसुद्धा. सुमंगल उन्हात जाऊन उभा राहिला आणि जेवढे उघडेल तेवढे तोंड त्याने उघडले.

"शी! नव्या नवरीसमोर?" एक जण ओरडली.

"तुझ्या कर्माचं फळ ते, माझ्या दारात नको मांडूस," धनवती जबडा न उघडता बोलली.

ती अशीच बोलते हे त्याच्या ध्यानात आले. "माई, मग तुम्ही या उन्हात. तोंड उघडा. आत काही नसेल, तर ही डबी मी पुसून लावतो."

कोणी हसले नाही. लग्नाच्या पंगतीत माईंनी नुसती खीर घेतली होती, हे बायांना आत्ता आठवले. धनवतीचा हात गालाकडे गेला आणि मध्येच थांबला. साऱ्या नगरात तिचा शब्द चालायचा. इतक्या बायांसमोर ती तोंड कसे उघडणार?

सून बोट धरून तशीच उभी होती. "आत्याबाई, लावू?"

धनवतीने तिचे मनगट पकडले. आपल्या कोऱ्या शालूच्या पदराने तिने ते बोट पुसले, नखाच्या कडेतली काळी रेघसुद्धा पुसली. मग डबी अंगणातल्या चुलीत टाकून ती आत निघून गेली.

सुमंगल त्याच वर्षी थंडीत वारला. धनवती त्याच्यामागून गेली, शेवटी पाणीही घशाखाली उतरेना. त्या घरात पुन्हा कोणी पूड लावली नाही. बाकी नगराने दुसरा विकणारा शोधला.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोरच्या सभेला म्हणाले, "तेव्हाची धनवती म्हणजे आजची भिक्षुणी सुव्रता. सून म्हणजे तिच्याशेजारी बसलेली उपासिका विमलिका. पूड न देणारा सुमंगल मीच होतो."

"भंते, आणि त्या हसणाऱ्या बाया?" कोणीतरी विचारले.

शास्त्यांनी सभेवरून नजर फिरवली. बऱ्याच जणींनी माना खाली घातल्या, पुरुषांनीही घातल्या.

"आपला लाभ बुडवून दुसऱ्याला खरे ते दाखवणे," ते म्हणाले, "ही सत्यपारमिता."