दलदलीच्या राज्यातली दगडी कमान

दलदलीच्या राज्यात दगड नव्हता. लव्हाळी होती, बांबू होता, चिखल तर हवा तेवढा होता. घरे बांबूची, वर गवताचे छप्पर. वारा जोराचा आला की एकाचे छप्पर दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडे आणि तो ते हसत परत आणून देई. राज्याची राणी कस्तुरा ही पाणम्हैस होती. ती चिखलात बसूनच दरबार भरवी, आणि ज्याला काही सांगायचे असेल त्यालाही आत उतरावे लागे. गळ्यापर्यंत चिखलात बसल्यावर भांडण फार वेळ टिकत नाही, असा तिचा अनुभव होता.

राज्याच्या वरच्या अंगाला डोंगर होते आणि डोंगरात दुसरे राज्य होते. तिथे सगळे दगडाचे. डोंगरातल्या मंडळींचा एक जुना नियम होता. जिथे दगडी बांधकाम आहे ते राज्य, जिथे नाही ते रान. राज्यात शिरायला परवानगी लागते, रानात लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हा नियम कुणाला आठवला नव्हता, कारण डोंगरात चारा भरपूर होता. त्या वर्षी मात्र डोंगरउतारावरचे गवत करपले, आणि निरोप आला की डोंगराचे अधिपती गजराज गंभीरराव दलदल पाहायला येत आहेत.

"पाहायला म्हणजे?" राणीने विचारले.

"आपण राज्य की रान, ते ठरवायला," कारभारी हरबा म्हणाला. हरबा पाणमांजर होता आणि वाईट बातमी सांगताना त्याच्या मिशा थरथरत. "रान ठरलो तर त्यांचे कळप खाली उतरतील. लव्हाळी राहणार नाही, राणीसाहेब. लव्हाळी गेली की घरं गेली."

"मग एक दगडी कमान बांधू या की वेशीवर."

"दगड बुडतो इथे. तुमच्या आजोबांनी एक शिळा आणवली होती. ती अजून खालीच जात असेल."

राणीने नाकपुड्यांतून चिखलाचे दोन मोठे बुडबुडे सोडले. मग तिने सगुणेला बोलावणे पाठवले.

सगुणा साळिंदर होती आणि राज्यातल्या सणांची आरास तिच्याकडे असे. दर पुरानंतर नदीच्या वरून कुठूनतरी फोमचे पांढरे ठोकळे वाहत येत. बाकीचे त्यांच्यावर बसत, ओल लागू नये म्हणून. सगुणा मात्र ते कोरून त्यांची कमळे करी, हंस करी, आणि भुंगे दिवसभर तिच्या कमळांशी हुज्जत घालत.

"सगुणे, फोमचा दगड करता येईल?" राणीने विचारले.

"कसला दगड, राणीसाहेब? नवा की जुना? सावलीतला की उन्हातला?"

"ज्याच्यापुढे हत्तीची पावलं मंद व्हावीत, असा."

"मग जुना," सगुणा म्हणाली. "पण आधी मला दगड नीट बघून येऊ दे."

ती डोंगराच्या पायथ्याशी गेली आणि एका कातळासमोर बसून राहिली. सकाळी तो निळसर होता, दुपारी फिका, आणि कलत्या उन्हात त्याच्या अंगावर गुलाबी, पिवळा, शेवाळी असे कितीतरी रंग आले. सगळे ज्याला दगडाचा रंग म्हणतात तो करडा रंग मात्र तिला त्यात फारसा कुठे सापडला नाही. तिने कातळाच्या भेगांत बोट घालून पाहिले. भेगा काळ्या होत्या, कारण तिथे वर्षानुवर्षांची धूळ साचली होती. वरचे कंगोरे उजळ होते, कारण तिथे वारा घासून गेला होता. दगड रंगवायचा म्हणजे त्याच्यावरून काय काय गेले ते रंगवायचे, हे तिच्या ध्यानात आले आणि ती उड्या मारतच घरी परतली.

काम सुरू झाले तसे वेशीवर गर्दी जमू लागली. सगुणेने ठोकळे सुरीने कापले आणि त्यांचे कोपरे मुद्दाम हाताने मोडले, कारण सुरीने कापलेला कोपरा लगेच खोटा दिसे. भेगा पाडल्या. मग ती ठोकळ्यांवर पाठ टेकून लोळली, आणि तिच्या काट्यांनी फोमला अशी बारीक छिद्रे पडली की थेट पाणी खाल्लेला कातळ. रंगात वाळू कालवली, म्हणजे हाताला खरखर लागावी. पहिला हात गडद. तो वाळल्यावर पातळ काळे पाणी वरून सोडले आणि लगेच बोळ्याने पुसले. उघड्या जागेवरचे निघून गेले, भेगांतले राहिले. शेवटी कुंचला जवळजवळ कोरडा करून फिका रंग नुसता कंगोऱ्यांवरून ओढला. बघणाऱ्यांनी एकदम श्वास रोखला. आत्तापर्यंत जो फोम होता तो त्यांच्या देखत म्हातारा झाला होता.

बांबूच्या सांगाड्यावर कमान उभी राहिली. पायाशी सगुणेने खरे शेवाळ लावले. एक सरडा ऊन खायला खांबावर चढला आणि खूप वेळाने कुरकुरत उतरला. "दगड तर झकास आहे," तो म्हणाला, "पण तापत कसा नाही?"

"राजघराण्यातला आहे," हरबा म्हणाला. "लवकर तापत नाही."

त्या दिवसापासून गंमत अशी झाली की कमानीखालून जाताना जो तो जरा ताठ चालू लागला. बेडकांनी तिथे ओरडणे सोडून दिले. ज्यांनी स्वतः ठोकळे उचलून आणले होते तेही वाटेतून जाताना खांबाला लांबून वळसा घालत, डोक्यावर पडला तर काय घ्या म्हणून. सगुणेला मात्र झोप लागेना. तिने दगडाचा रंग आणला होता, वय आणले होते. वजन कुठून आणणार?

ठरल्या दिवशी गंभीरराव आले. बरोबर त्यांचा बांधकामाचा जाणकार, खडकोजी नावाचा डोंगरी बोकड होता. गंभीरराव कमानीपुढे थांबले आणि त्यांनी मान वर केली.

"किती जुनी?" खडकोजीने विचारले.

"बघून काय वाटतं आपल्याला?" सगुणा म्हणाली.

खडकोजीने भेगा पाहिल्या, शेवाळ पाहिले. "फारच जुनी," तो नाइलाजाने म्हणाला.

मग रीतीप्रमाणे दरबार भरला, म्हणजे सगळे चिखलात उतरले. गंभीररावांचे पाय आयुष्यभर दगडावर चालून भेगाळले होते. ते चिखलात बसले आणि त्यांच्या तोंडून असा हुंकार निघाला की खडकोजीने दचकून वर पाहिले. राणीने त्यांना लव्हाळ्यांचे कोवळे कोंब खाऊ घातले. मुलांची, पुरांची, उडून गेलेल्या छपरांची बोलणी निघाली, आणि डोंगराचे अधिपती पोट धरून हसले. ते बाहेर आले तेव्हा ऊन चढले होते.

उन्हाने त्यांच्या पाठीवरचा चिखल वाळला, आणि वाळलेला चिखल खाजू लागला. निरोप घेण्यासाठी सगळे वेशीपाशी जमले होते. गंभीरराव बोलता बोलता सहज कमानीकडे वळले आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी खांबाला पाठ लावून घासली.

आतला बांबू कडकन मोडला. खांब कलंडला आणि थेट गंभीररावांच्या अंगावर आला. त्यांनी सोंड उंचावून तो वरच्यावर झेलला.

सगुणेचे सारे काटे उभे राहिले. गंभीररावांनी सोंडेवरच्या त्या अजस्र खांबाकडे पाहिले. तो सुगरणीच्या घरट्याइतका हलका होता. मग त्यांनी खाली पाहिले. समोर सगुणा होती, मिशा थरथरणारा हरबा होता, आणि मागे चिखलाने माखलेले, डोळे मोठे झालेले सगळे राज्य उभे होते. राणी कस्तुराने नजर खाली वळवली नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"महाराज!" खडकोजी पुढे धावला. "हे काय? एका सोंडेवर तोललात? हलका आहे की काय?"

गंभीररावांचे गुडघे हळूहळू वाकले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हलका?" ते कण्हत म्हणाले. "अरे, माझं कंबरडं मोडतंय! बघत काय उभा राहिलास? हात लाव! सगळे या, एकट्याचं काम नाही हे!"

मग राणी पुढे आली आणि तिने खांबाखाली खांदा दिला. हरबा आला. बेडूक आले, सरडा आला, बगळ्यांनी वरून चोची लावल्या. सगुणा सगळ्यांच्या मधे शिरली आणि जोर लावण्याच्या नादात खरोखरच घामाघूम झाली. खडकोजीनेही शिंगे टेकवली. त्याची शिंगे अलगद वर गेली. त्याने चमकून गंभीररावांकडे पाहिले.

"जड आहे ना?" गंभीररावांनी विचारले.

खडकोजीने एकवार आजूबाजूच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. त्याने पाय रोवले आणि दात आवळले.

"भयंकर जड आहे, महाराज."

"असले खांब रानात असतात का रे?"

"छे! रानात कुठले?"

"मग उद्या कळपांना सांग, खाली उतरायचं असेल तर राणीसाहेबांना विचारून. आता लावा जोर!"

"हळू, हळू! पाय सांभाळा!" राणी ओरडली. खांब बोट बोट वर सरकू लागला. तेवढ्यात त्याच्या मोडलेल्या कोपऱ्यातून फोमचा एक पांढराशुभ्र तुकडा निसटला. वाऱ्याने तो वर उचलला. गिरक्या घेत, सगळ्यांच्या डोक्यांवरून तो सावकाश तरंगत निघाला, आणि खाली डोंगराच्या व दलदलीच्या सगळ्या मंडळींनी माना आणखी खाली घातल्या आणि आणखी मोठ्याने कण्हायला सुरुवात केली.