वाळलेला तांबडा

"वाळलेल्या शाईचा छाप निघतो का, मास्तर?"

उपेंद्रने दारातूनच विचारलं. जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी त्याने छातीशी धरलं होतं.

पेडणेकर मास्तर छापयंत्राच्या चाकाला तेल घालत होते.

"आधी आत ये. व्याख्यानं देऊन देऊन बसायचं विसरलास वाटतं."

एरवी उपेंद्रने टोमणा परतवला असता. अमूर्त छापचित्रांतला तो नावाजलेला माणूस. 'रंगाला एकदाच बोलू द्यावं, दुसऱ्यांदा बोलतो तो पोपट,' हे त्याचं वाक्य पोरं एकमेकांना ऐकवत.

आज त्याने नुसती चादर सोडली. आत जस्ताची प्लेट होती. निळ्याचे बेतून ओढलेले पट्टे, आणि त्यांच्यावरून आडवा गेलेला तांबड्याचा जाड फराटा.

मास्तर वाकून बघत राहिले.

"हा तांबडा तुझा नाही."

"हेमांगीचा."

हेमांगी त्याची बायको. छापताना एकाचे हात शाईत असतात. कागद धरायला दुसऱ्याचे कोरडे हात लागतात. लग्नापासून ते कोरडे हात तिचे. त्या दिवशी तांबडा कुठे द्यावा, या विचारात तो प्लेटसमोर नुसता बसून होता. "किती विचार करतोस रे!" म्हणत तिने डब्यात बोटं बुडवली आणि ओढली. मग स्वतःचाच हात बघून हसत सुटली. हसता हसताच छाती धरून खाली बसली…

पदरावर तांबडी बोटं उमटली होती. दवाखान्यातून ती परत आली नाही. छाप राहून गेला.

"एकच काढून द्या, मास्तर. शाई जागी करायचं काही औषध असेल तुमच्याकडे. तिचा रंग मला…"

मास्तरांनी फराट्यावर नख टेकवलं. दगड झाला होता.

"थिनर लावला तर?" उपेंद्रने विचारलं.

"तर वाहून जाईल. मग काय उरेल?"

मास्तर उठले. साबण लावून हात धुऊ लागले. नखांतला काळा निघेपर्यंत धूत राहिले. पुसले. मग ओला कागद दोन टोकांना धरून अलगद प्लेटवर ठेवला.

उपेंद्र त्या कोरड्या हातांकडे बघत होता.

"फिरव चाक."

त्याने फिरवलं. मास्तरांनी कागद सोलून काढला.

पांढरा. कोराच्या कोरा.

"काही आलं नाही," उपेंद्र म्हणाला. "रंगच नाही, मास्तर…"

मास्तरांनी त्याचं मनगट धरून बोटं कागदावर टेकवली.

"डोळे मीट."

शाईवरून तिची बोटं जिथे गेली होती, तिथे कागद उंचावला होता. एक वाट, शेजारी दुसरी, मग तिसरी… शेवटी झटक्यात सुटलेल्या. छाप उलटा येतो. त्यामुळे समोर बसून कुणी आपला हात पुढे करावा, तशा त्या येत होत्या.

उपेंद्रची बोटं पुन्हा पुन्हा त्या वाटांवरून फिरली.

"दुसरा कागद भिजवा, मास्तर," उपेंद्र घाईने म्हणाला. "दाब थोडा वाढवला तर अजून…"

"दुसऱ्यांदा बोलतो तो कोण रे?" म्हणत मास्तरांनी थिनरची बाटली त्याच्यापुढे सरकवली. प्लेटही सरकवली.

उपेंद्र बाटलीकडे बघत राहिला… मग त्याने झाकण काढलं. कोपऱ्यातली चिंधी घ्यायला हात लांबवला.

"चिंधी नको," मास्तर म्हणाले. "हातानं पूस."