पाखऱ्याचं नवं शेपूट

"कुणी कापले माझ्या पाखऱ्याच्या शेपटाचे केस?" राजा रणधवल गरजला.

कापले होते भागूच्या भिवानं. पक्षी धरायचे फासे करायला त्याला घोड्याचे लांब केस हवे होते, आणि अख्ख्या राज्यात नेमका राजाचाच लाडका घोडा सापडला! आता भिवा राजवाड्याच्या अंगणात मान खाली घालून उभा होता. शेजारी केरसुण्या विकणारी त्याची आई. आपलं चुकलं कुठं, लाड जास्त झाले की मार कमी पडला, याचा विचार भागू सकाळपासून करत होती आणि दर वेळी उत्तर वेगळंच येत होतं.

"सूर्य मावळायच्या आत पाखऱ्याला शेपूट हवं!" राजा म्हणाला. "बांधलेलं नको, चिकटवलेलं नको! नाहीतर केस पुन्हा वाढेपर्यंत पोरगा गडावरच्या कोठडीत!"

तेवढ्यात अंगणात आणलेल्या पाखऱ्यानं लाथ झाडली. माश्या! बिचाऱ्याला त्या हाकताच येईनात. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार पंचे घेऊन धावले, आणि माश्या सोडून एकमेकांनाच थोबाडू लागले.

भागू जीव मुठीत धरून उभी होती, तरी तोंड सुटलंच.

"महाराज, शेपटाचं काम काय असतं?"

"माश्या हाकायचं! दिवसभर, न थकता, न सांगता!"

"मग हे घ्या शेपूट!" भागूनं भिवाच्या हातात नवी केरसुणी दिली आणि त्याला घोड्यामागं उभं केलं. "बांधलेलं नाही, चिकटवलेलं नाही. केस वाढेपर्यंत रोज हलेल. तेवढं 'न सांगता' जरा जड जाईल. घरी पाणी आण म्हटलं तरी तीनदा सांगावं लागतं."

"चोराला घोड्याजवळ ठेवायचं?" प्रधान ओरडला.

"कोठडीत ठेवलंत तर तिथल्या माश्या हाकेल, प्रधानजी! पाखऱ्याला काय उपयोग? आणि माफ करायचं की नाही, ते पाखऱ्यालाच ठरवू द्या. पोरगा लाथेच्या टप्प्यातच उभा आहे!"

भिवानं घाईघाईनं केरसुणी फिरवली. पाखऱ्यानं वळून पाहिलं, कान हलवले... आणि उचललेला पाय खाली ठेवला.

राजा आधी मिशीत हसला, मग पोट धरून. "नेमलं याला! आजपासून हाच पाखऱ्याचं शेपूट!" हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं भागूला दिलं. "केस वाढले की तुझा पोरगा तुला परत."

"घाई नाही, महाराज," भागू म्हणाली. "न सांगता काम करायला लागला, की मगच पाठवा!"

राजा पुन्हा असा खदखदून हसला, की पाखऱ्याही खिंकाळला.