परतीच्या घरांचा कातळ

वेळण्याच्या खाडीकाठी कातळावर ठिकरीची घरं कोरलेली आहेत. लंगडी घालत जायचं आणि डोळे बांधून परतायचं, असा तिथला डाव. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनी याला वेळेचा अपव्यय म्हटलं होतं. त्यांनी आधी इथली भरती पाहायला हवी होती.

"चपला काढा," एके काळी होडी हाकणारे गावचे म्हातारे तांडेल बाबलआजोबा पाहुण्यांना सांगतात, आणि मग कथा सुरू होते.

पूर्वी बायका पहाटेच्या अंधारात गाळातल्या दगडांवरून पलीकडे शिंपल्यातली कालवं काढायला जात. पाय घसरला की गाळ माणूस परत देत नसे. म्हणून दगडांना आकारावरून नावं देऊन रचलेलं वाटेचं गाणं होतं: कासवाच्या उजवीला सूप, सुपाच्या डावीला जातं. परतताना उजाडलेलं असे, म्हणून परतीचं गाणं कुणी रचलंच नाही.

त्याच गावातल्या मैनाईची थोरली लेक गोदी ते गाणं झोपेतही म्हणे. एका सकाळी परतीच्या वाटेवर धुकं उतरलं. इतर बायका पुढे निघून आल्या होत्या. काठावरून मैनाईला लेकीचा आवाज ऐकू येत होता. प्रत्येक दगडासाठी पोर गाणं पहिल्यापासून म्हणत होती, उजव्याचं डावं करत होती. मैनाईलाही उलटी वाट पाठ नव्हती. पाणी चढत होतं. "कासवाच्या उजवीला..." एवढं ऐकू आलं, मग काहीच नाही.

मैनाईने कातळावर तीच वाट कोरली आणि गावच्या पोरींना डोळे बांधून उलटं खेळवू लागली.

"लेक गाळात, आणि ही खेळ मांडून बसलीय," बायका म्हणत.

"तुमच्या लेकी गाळात जाऊ नयेत म्हणूनच बसलेय," मैनाई म्हणे.

पुढे धाकटी येसू बायकांबरोबर गेली आणि पुन्हा तसंच धुकं आलं. मैनाई काठावर उभी राहिली. गाणं नाही, हाक नाही. बऱ्याच वेळाने दगडावर पाय आपटल्याचा आवाज आला. लंगडी घालत येसू बाहेर आली. मागे एकमेकींचा पदर धरलेल्या साऱ्या बायका.

"वाट पायांना पाठ होती, आये," ती म्हणाली. "पण माझ्या पुढं कोण लंगडत होतं?"

पुढच्या डावात मैनाईने येसूच्या पुढचं घर मोकळं ठेवलं, असं सांगतात.

आजही डोळे बांधलेलं पोर परतू लागलं की त्याच्या पुढचं घर मोकळं ठेवतात. आणि धुकं असेल त्या सकाळी कातळावर कुणी पाय ठेवत नाही. त्या दिवशी डाव गोदीचा असतो.